गढीखालच्या गल्लीत जायचं तर

बेटा, सगळ्यात आधी हे ऐक: जुन्या गल्ल्या पाहायला मे महिन्यात येऊ नको. कॉलेजला सुट्ट्या तेव्हाच लागतात, कबूल. पण त्या दिवसांत यवतमाळात पारा 43-44 वर जातो आणि सकाळी दहा-अकरानंतर जुन्या वस्तीत कुत्रंही सावली सोडत नाही. दारं लोटलेली, आत कूलरची घरघर, आणि तुम्ही चौघी मैत्रिणी तोंडाला ओढण्या बांधून गल्लीत उभ्या. कोणाचं दार वाजवलंत तर झोपमोड केल्याबद्दल बोलणी तेवढी मिळतील. दिवाळी होऊ दे. तिथून महाशिवरात्रीपर्यंत केव्हाही ये. आपल्याकडे पायी फिरायचे दिवस तेच.

तू पाठवलेला तो चीनमधल्या हक्का गावाचा व्हिडिओ पाहिला. हक्का म्हटलं की आम्हाला चौकातल्या गाडीवरच्या नूडल्स आठवतात. त्या नावाचा एक समाज आहे, त्यांची गावं आहेत, गावांत शेकडो वर्षांच्या गल्ल्या आहेत, हे मला नवंच होतं. मग थोडं वाचलं. उत्तरेकडून लढायांना आणि दुष्काळाला कंटाळून दक्षिणेच्या डोंगराळ भागात सरकत आलेली ही माणसं. चांगल्या जमिनी आधीच्यांनी धरलेल्या, शेजाऱ्यांचा भरवसा नाही, वर दरोडेखोरांची भीती. म्हणून त्यांनी माती ठोकून ठोकून मीटर-दीड मीटर जाडीच्या भिंती उभ्या केल्या, सगळ्या भाऊबंदांनी मिळून एकाच गोल किंवा चौकोनी वास्तूत राहायचं, आत जायला मोठं दार एकच, आणि खालच्या मजल्यांना बाहेरच्या बाजूने खिडकीच नाही. फुजियान प्रांतातल्या अशा 46 वास्तू 2008 साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या.

हे वाचलं आणि मला आपल्या गढ्या आठवल्या. तू नागपूर-पुण्यातच वाढलीस, तुला गढी म्हणजे गावाजवळचं मातीचं टेकाड एवढंच माहीत असणार. पण वऱ्हाडात जुन्या गावाची सुरुवात तिथूनच व्हायची. उंचवट्यावर पांढऱ्या मातीचा तट, पायाला काळा दगड, कोपऱ्यांना बुरूज, आत देशमुखाचा नाही तर पाटलाचा वाडा, विहीर आणि धान्याची पेवं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांच्या धाडी इकडे नेहमीच्या झाल्या होत्या. धूळ दिसली की गावातली बायका-मुलं, जनावरं गढीत. म्हणून गाव त्या गढीच्या पायथ्याशी दाटून बसलेलं असतं आणि म्हणूनच तुला ज्या गल्ल्या पाहायच्या आहेत त्या इतक्या अरुंद आणि वाकड्या आहेत. एक बैलगाडी जाईल, समोरून दुसरी आली तर एकीला मागे सरावं लागेल, अशी रुंदी. वळणावर घोडा दौडवता येऊ नये, हा हेतू असावा असं मला मोजणी करताना नेहमी वाटायचं.

चीनच्या त्या गल्लीत आणि आपल्या गल्लीत फरक काय? तिथे तिकीट आहे, पाटी आहे, वाटाड्या आहे. आपल्याकडे यांपैकी काही नाही. गल्लीतलं प्रत्येक घर कोणाचं तरी राहतं घर आहे आणि आत जायला मिळणं न मिळणं सर्वस्वी त्या घरच्या म्हातारीच्या मर्जीवर. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखात गेली. साखळी, टेप, नकाशा घेऊन मी जिल्ह्यातली किती गावठाणं तुडवली असतील. त्यामुळे बांधकामाचं तुला शिकवणार नाही, ते तुझे प्राध्यापक शिकवतील. दारातून आत कसं जायचं तेवढं सांगतो.

गावात उतरलीस की थेट वाड्याकडे जाऊ नको. आधी मारुतीच्या पारावर जा. सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी पाचनंतर तिथे दोन-चार म्हातारे बसलेले सापडतातच. तुला पहिला प्रश्न विचारला जाईल: "कोनाची व पोरगी तू?" याला "मी पुण्याहून आले" हे उत्तर नव्हे. आडनाव सांग, आजोळ सांग, माझं नाव सांग, मी अमुक साली इथे मोजणीला आलो होतो हे सांग. कुठे तरी धागा जुळेल. कोणाचा साडू निघेल, कोणाची सून तुझ्या आजीच्या गावची निघेल. धागा जुळला की त्यातला एक जण उठतो, टोपी नीट करतो आणि "चाल, दाखवतो" म्हणतो. त्याच्या मागोमाग जायचं. त्याच्याबरोबर गेलीस तर दहा दारं उघडतील. एकटी गेलीस तर एकही नाही. तो वाटेत थांबेल, पान लावेल, स्वतःच्या गुडघ्याचं दुखणं सांगेल. घाई करायची नाही.

टेप आणि मोजपट्टी बॅगेतून काढू नको. हे फार महत्त्वाचं सांगतोय. तुला वाटेल आपण खांबाची जाडी मोजतोय, त्यात काय. पण गल्लीत टेप दिसला की दोनच अर्थ निघतात: एक तर रस्ता रुंद करायला माणसं आली, नाही तर भावाने हिश्श्यासाठी मोजणी आणली. "काय व, नंबर लावून राह्यले का आमच्या घराले?" असं कोणी विचारलं तर हसून सोडून देऊ नको, नीट उत्तर दे. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणांची मोजणी चालू आहे, लोकांच्या हाती मिळकत पत्रिका येताहेत, आणि त्यामुळे जुने वाद पुन्हा वर आले आहेत. मापं हवीच असतील तर वितीने घे, पावलांनी घे. आम्ही पूर्वी घराचं माप खणांवरून सांगायचो, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. पाच खणी, सात खणी घर म्हटलं की गावात सगळ्यांना आकार कळायचा. तू खण मोज आणि वहीत लिही, कोणाला कळणारही नाही.

दारात उभं राहून "कोणी आहे का घरात?" अशी हाक मार. उत्तर येईपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही, त्यावर उभंही राहायचं नाही. मोठ्या वाड्याला दिंडी दरवाजा असतो, त्याच्या आत लगेच ढाळज. परक्या माणसाने बसायची जागा ती. पूर्वी वसुलीला आलेला, न्याय मागायला आलेला, सगळे तिथेच थांबायचे. तुलाही आधी तिथेच बसवतील. बस. पाणी येईल. बाटली बरोबर असली तरी तांब्यातलं घोटभर पी. चप्पल ओसरीच्या खाली काढ. आत नेलं तर माजघरापर्यंतच, देवघरात आणि स्वयंपाकघरात बोलावल्याशिवाय डोकवायचं नाही. तू मुलगी आहेस म्हणून बोलावतील, हे तुझ्या मित्रांना मिळणार नाही. निघताना हळदकुंकू लावलं, हातावर साखर ठेवली, एखादा चोळीचा खण दिला तर नाही म्हणू नको.

डिसेंबर-जानेवारीत आलीस तर एक दृश्य असं दिसेल जे त्या चिनी व्हिडिओत नव्हतं. कोरीव खांबांची ओसरी आणि खांबांच्या निम्म्यापर्यंत पांढराशुभ्र कापूस. भाव वाढेल या आशेने शेतकरी कापूस घरातच भरून ठेवतो. झोपायची खोलीही त्यात जाते, आणि घरादाराच्या अंगाला खाज सुटते. त्या कापसावर फोटोसाठी बसू नको, लोळू नको, आणि तुमच्यातल्या कोणाला सिगारेटची सवय असेल तर तिला गावाबाहेरच ठेव. त्याच दिवसांत वेचणी चालू असते, म्हणून दुपारी घरं रिकामी असतात. वेचून आलेल्या बाईला संध्याकाळी सहा वाजता "तुमच्या चुलीबद्दल सांगा ना" असं विचारायचं नाही. तिला आधी हातपाय धुऊ दे.

आता घराचं वय कसं ओळखायचं ते सांगतो, यात मला रस आहे. दारावरच्या चौकटीत मधोमध गणेशपट्टी असते, तिच्या आजूबाजूला पाहा. कधी कधी साल कोरलेलं सापडतं. पण त्या आकड्यावर सरळ विश्वास ठेवू नको, आधी कोणतं साल ते ठरव. देवळावर, ब्राह्मणाच्या किंवा देशमुखाच्या घरावर बहुधा शके असतं, त्यात 78 मिळव. शके 1812 म्हणजे 1890. मारवाडी पेढीच्या घरावर संवत असतं, त्यातून 57 वजा कर. आणि निजामाच्या अमलामुळे जुन्या कागदांत फसली सन येतं, त्यात 590 मिळव. घरमालकाने पेटी उघडून एखादी सनद किंवा पावती दाखवलीच तर फसली 1280 पाहून सातशे वर्षांचा कागद म्हणून ओरडू नको, तो 1870 चा असतो.

साल नसेल तर छप्पर पाहा. सगळ्यात जुनी घरं धाब्याची: वर सागवानी तुळया, त्यांवर किलच, त्यावर मातीचा थर. नंतर हाताने थापलेली नळीची कवेलू आली. आणि जिथे चपटी, खाचेची इंग्रजी कवेलू दिसतील तिथे समज की हे रेल्वेनंतरचं काम. मंगळूरला बासेल मिशनने तशी कवेलू भाजायला 1865 मध्ये सुरुवात केली आणि नागपूरपर्यंत रेल्वे आली 1867 मध्ये. फुटकं कवेलू पडलेलं असेल तर उलटं करून बघ, मागे कारखान्याचा शिक्का असतो. सागवान मात्र दूरचा नाही, आपल्याच जंगलाचा. म्हणून आपल्याकडे साध्या घरालाही असे खांब असतात की पुण्याचा माणूस थक्क व्हावा.

आणि ज्या घराला ओतीव लोखंडी कठडा, रंगीत काचा, वरच्या मजल्याला गॅलरी असेल ते कापसाच्या पैशाचं. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद पडला आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस विकला जाऊ लागला. अमरावतीच्या नावावरून त्याला तिथे ऊमरा म्हणत. त्या तेजीत व्यापारी आले, पेढ्या आल्या, पुढे जिनिंग आले. यवतमाळहून मूर्तिजापूरला पूर्वी जाणारी 762 मिलिमीटर रुंदीच्या रुळांची शकुंतला रेल्वे टाकली गेली तीही मुख्यतः कापूस वाहायलाच. एकाच गल्लीत एका टोकाला निजामाच्या काळातला मातीचा वाडा आणि दुसऱ्या टोकाला कापसाच्या तेजीतली दुमजली हवेली, असं दिसलं तर मधल्या शंभर पावलांत गावाचा सगळा हिशेब आला.

एक गोष्ट मात्र पाहायची आणि विचारायची नाही. पुष्कळ वाड्यांच्या चौकात मधोमध विटांची एक आडवीतिडवी भिंत असते. एका वाड्यात तर मी ती अशी पाहिली होती: कोरीव तुळईच्या बरोबर मध्यावर येऊन भिडलेली, त्यामुळे तुळईवरच्या दोन मोरांपैकी एक या घरात, एक त्या घरात. तुळशी वृंदावन अलीकडे, विहीर पलीकडे. अलीकडच्यांनी नळ घेतला, पलीकडच्यांनी कुंडीत तुळस लावली. ती वाटणीची भिंत. ती कधी झाली, का झाली, कोणाचं चुकलं, हे विचारलंस की तुला दोन्हीकडून तासभर ऐकावं लागेल आणि संध्याकाळपर्यंत तू कोणाच्या तरी बाजूची ठरशील. आमच्या खात्याच्या लोकांना ते ऐकायचा पगार मिळायचा. आणि एका घरी चहा घेतलास तर भिंतीपलीकडेही घे, साखर कमी टाका म्हण.

घराची किंमत विचारू नको. खांब, दार, पितळी समई, कडीपाट विकत मागू नको, गमतीतसुद्धा नाही. जुनं सामान उचलणारे दलाल गावोगाव फिरतात. म्हाताऱ्या बाईला पाचशे-हजार दाखवतात आणि तोच खांब शहरातल्या हॉटेलात लागतो. तुम्ही शहरातल्या पोरी, हातात कॅमेरा, दारावरून हात फिरवताय. लोकांना आधी तोच संशय येतो.

गढीवर चढायचं तर कोरड्या दिवसांत, आणि गावच्या माणसाबरोबर. पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. पांढऱ्या मातीचा तट वरून धड दिसतो, आत पाणी मुरलेलं असतं, आणि पाय ठेवताच बुरुजाचा भाग पोपडा सुटावा तसा खाली येतो. त्यात शेतात टाकायला लोक ही माती खणून नेतात, गावठाणाची पांढरी पिकाला खत म्हणून चांगली, हे शेतकऱ्याला पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. त्यामुळे खालून पोखरलेली गढी कुठे ढासळेल सांगता येत नाही. पेवाच्या तोंडाशी वाकू नको. बंद पेवात हवा विषारी झालेली असते, त्यात उतरून माणसं गेली आहेत. बुरुजाला आग्या मोहोळ लागलेलं असेल तर अत्तर-सेंट लावलेलं अंग तिकडे नेऊ नको. दगडांच्या फटीत हात घालू नको, घोणस असते. पायात बूट, हातात काठी, काठी आपटत चाल.

मातीत खापराचा तुकडा, मणी, एखादं नाणं सापडेल. हातात घे, बघ, फोटो काढ, जिथलं तिथे ठेव. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवावं लागतं. शिवाय नाणं खिशात घातलेलं कोणी पाहिलं तर दुसऱ्या दिवशी गावात बातमी होईल की पुण्याच्या पोरींना हंडा सापडला. मग ती गढी रात्रीतून कुदळी लावून खणली जाईल.

हंड्यावरून आठवलं. प्रत्येक गढीतून भुयार निघतं, हे गृहीत धर. आपल्या भागातलं भुयार बहुतेक माहूरला जातं, घोडेस्वार जाईल एवढं मोठं असतं, आणि सांगणाऱ्याच्या आजाने त्याचं तोंड लहानपणी पाहिलेलं असतं. मी मोजण्या केल्या त्या गावांत असं एकही भुयार मला भेटलं नाही, भेटलं ते धान्याचं बळद नाही तर पेव. पण हे तिथे बोलून दाखवू नको. भुयाराची गोष्ट सांगता सांगता म्हातारा अशा दहा खऱ्या गोष्टी सांगून जातो ज्या कुठल्याच गॅझेटियरमध्ये नाहीत: दुष्काळात कोणती विहीर आटली नाही, रझाकारांच्या धामधुमीत पैनगंगेपलीकडून कोण येऊन राहिलं, 1930 च्या जंगल सत्याग्रहात गावातून कोण गेलं. तेव्हा भुयार ऐक.

वाडा पाहून परत फिरलीस तर मी म्हणेन तू अर्धं गाव पाहिलंस. वेशीतून बाहेर पड. सुतारांची, लोहारांची, कासारांची घरं पाहा, माळीपुरा, मोमीनपुरा बघ, मशिदीचं अंगण बघ. आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीत जा, जिथे आता निळा झेंडा आणि बुद्धविहार आहे. ज्या सागवानाच्या तुळयांकडे तू मान वर करून पाहत होतीस, त्या जंगलातून ओढून आणणाऱ्यांच्या वाडवडलांना त्याच वाड्याच्या ढाळजेपलीकडे पाऊल टाकायची मुभा नव्हती. हे वाड्यात तुला कोणी सांगणार नाही. विहारात सांगतील, विचारलंस तर. गावाबाहेर बंजाऱ्यांचा तांडा असेल, जंगलाच्या बाजूला मारेगाव-झरीकडे गेलीस तर कोलामांचं पोड असेल. पोडाची घरं बांबूच्या ताट्यांना माती लिंपून केलेली, तुझ्या अभ्यासाला ती वाड्याइतकीच मोलाची. तिथे मात्र कोणाची तरी ओळख घेऊनच जा आणि फोटो शेवटी काढ.

आता कुठे जायचं. लांब नको असेल तर कळंब. यवतमाळहून नागपूर रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटर, एसटी सारखी असते. आणि 2024 च्या फेब्रुवारीपासून वर्ध्याहून कळंबपर्यंत मोठी रेल्वेही सुरू झाली. लोक तिथे चिंतामणीच्या दर्शनाला जातात. मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. कुंडाचं पाणी ठरावीक वर्षांनी चढून देवाच्या पायाला लागतं अशी श्रद्धा आहे. दर्शन घे आणि मग वस्तीत शीर. आज तालुक्याचं साधं गाव दिसतं, पण अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं, म्हणजे सुभ्याच्या एका विभागाचं, ठाणं कळंबला होतं, आणि आपलं यवतमाळ आईन-ए-अकबरीत योत-लोहारा म्हणून एक परगणा तेवढा. तो लोहारा यवतमाळला लागूनच आहे. तिथलं कमळेश्वराचं हेमाडपंती मंदिर सकाळच्या उन्हात बघ, चुन्याशिवाय दगडावर दगड कसा बसवला ते तुला कळेल, मला नुसतं छान वाटतं.

दोन दिवस असतील तर वणी. शंभराहून जास्त किलोमीटर आहे, सकाळच्या गाडीने जा. निर्गुडेच्या काठचं गाव, जैताईचं देऊळ, रंगनाथ स्वामीचं देऊळ, आणि लोकनायक बापूजी अणे यांचं जन्मगाव. ते 1880 चे. 1905 पर्यंत आपल्या सबंध जिल्ह्याचं नावच वणी जिल्हा होतं. आता कोळशाच्या खाणींमुळे गावावर काळी धूळ असते, पांढरे कपडे घालू नको. रंगनाथ स्वामीच्या यात्रेत बैलबाजार भरतो तेव्हा गेलीस तर बैल पाहशील, गल्ली दिसणार नाही. दारव्हा, दिग्रस, उमरखेड, पुसद इथेही जुनी वस्ती आहे, पण एका फेरीत सगळं उरकायला जाऊ नको. एक गाव, एक गल्ली, तीही दोनदा: एकदा सकाळी, एकदा दिवेलागणीला.

सणाला यायचं म्हणशील तर पोळा. पावसाचे दिवस, चिखल असतो, पण वेशीत तोरणाखाली सजवलेल्या बैलांची रांग आणि झडत्या म्हणणारे लोक हे बाहेरच्या माणसालाही उघड्यावर पाहता येतं. महालक्ष्म्यांना वाडे गजबजलेले असतात, नागपूर-मुंबईहून सगळे भाऊबंद आलेले, दार सताड उघडं, जेवायला पंगत. म्हणून तू कॅमेरा घेऊन त्यात घुसायचं असं नाही. बोलावलं तर जा, साडी नेसून जा, पंगतीत वाढायला उभी राहा. सोळा भाज्या वाढता वाढता घर जेवढं दिसतं तेवढं कुठल्याच पाहणीत दिसत नाही.

रिकाम्या हाताने जाऊ नको, पण महागडं काही नको. एक डझन केळी, मुलांना बिस्किटांचा पुडा. पैसे देऊ नको. वाट दाखवणाऱ्या म्हाताऱ्यालाही नाही, त्याला टपरीवर चहा पाज आणि पान घे. "जेवूनच जा" असं तीनदा म्हटलं तर ते मनापासून असतं, बस. भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा असेल. तिखट सोसत नाही असं आधी सांग, नंतर पाणी पीत बसू नको.

आणि शेवटचं. शहरातले लोक येतात, म्हातारा-म्हातारीला दारात उभं करून फोटो काढतात, "पाठवते हं आजी" म्हणतात आणि जातात. मोजणीला गेलो की म्हाताऱ्या मला विचारायच्या, "साहेब, ते फोटोवाले तुमच्याकडचेच का?" तू फोटो मोबाईलवर पाठवून मोकळी होऊ नको, त्या घरातला मोबाईल नातवाबरोबर हैदराबादला असतो. प्रिंट काढ, पोस्टकार्डाच्या आकाराची, मागे गावाचं नाव आणि तारीख लिही आणि साध्या पोस्टाने पाठव. पत्ता निघतानाच लिहून घे, पिनकोडसकट.

तारीख ठरली की आठ दिवस आधी मला फोन कर, म्हणजे गावात निरोप देऊन ठेवतो. चौघींपेक्षा जास्त जणी आणू नको, गल्लीत मावणार नाही.